जुन्या हॉटेलांतील भुतें

महाराष्ट्रांतील खेड्यांत भुतांची वस्ती ठरलेली असते. पिंपळावर मुंजा, विहिरीच्या कांठीं हडळ, माळावर वेताळ, असा त्यांचा ठावठिकाणा गांवांतील लहान मुलालाहि ठाऊक असतो. इतकेंच नव्हे, तर अमका मुंजा अमक्यांच्या घरचा, सोडमुंज होण्यापूर्वींच गेलेला, असें त्याचें कुळगोत्रहि जुनीं माणसें सांगूं शकतात. हॉटेलांतील भुताची गोष्ट मात्र निराळी आहे. जेथें रोज नवा पाहुणा येतो आणि दुसऱ्या दिवशीं निघून जातो, तेथें मागें राहिलेला कोण, कोठला, कशानें मेला, हें सांगणारें कोणीच उरत नाहीं. म्हणून हॉटेलांतल्या भुताला स्वतःचें चरित्र नसतें. पाहुण्यांनीं, नोकरांनीं आणि पुष्कळदां मालकांनींहि तें रचून द्यावें लागतें. रचलेलें चरित्र आणि खरोखर घडलेली हकीकत यांत जें अंतर पडतें, तें मोठें बोलकें असतें.

अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत, रॉकी पर्वताच्या कुशींत, एस्टेस पार्क म्हणून एक गांव आहे. वाफेच्या मोटारी तयार करणाऱ्या जुळ्या भावांपैकीं फ्रीलन स्टॅन्ले हा क्षयानें जर्जर होऊन १९०३ सालीं तेथें हवापालटासाठीं गेला. डोंगरची हवा त्याला मानवली आणि १९०९ सालीं त्यानें तेथें एक भव्य हॉटेल उघडलें. पुढें १९७४ सालच्या ऑक्टोबरअखेर, हंगाम संपून हॉटेलाचीं दारें लागण्याच्या बेतांत असतां, स्टीफन किंग हा कादंबरीकार पत्नीसह तेथें एक रात्र उतरला. इतर पाहुणे बहुतेक निघून गेले होते. लांबलचक बोळ, रिकाम्या खोल्या आणि सामसूम भोजनगृह! किंगच्या वांट्याला २१७ क्रमांकाची खोली आली होती. त्या मुक्कामांतून १९७७ सालीं 'द शायनिंग' ही कादंबरी जन्मली आणि हॉटेलाची कीर्ति भुतांचें माहेरघर म्हणून जगभर झाली. रात्रीं एक दासी येऊन पाहुण्यांच्या कपड्यांच्या घड्या घालून जाते, आणि उतरलेलें जोडपें अविवाहित असल्यास त्या दोघांच्यामध्यें गार वाऱ्याची झुळूक शिरते, असें तेथें सांगतात. ती खोली मुद्दाम मागून घेणारे लोक पुष्कळ आहेत.

या कथेच्या मुळाशीं एक खरी दासी आहे. विजेचा भरंवसा नसल्यामुळें हॉटेलांत गॅसच्या दिव्यांचीहि सोय केलेली होती. १९११ सालच्या जून महिन्यांत तो गॅस गळून या खोलींत सांचला. काम करणारी बाई जळती मेणबत्ती घेऊन आंत गेली आणि भयंकर स्फोट झाला. पायांखालची तक्तपोशी फुटून ती खालच्या मजल्यावर कोसळली. पण ती मेली नाहीं! बरी होऊन ती पुन्हां कामावर रुजू झाली, असें हॉटेलाच्याच हकीकतींत सांगितलेलें आहे. तिचें नांवसुद्धां त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं एकसारखें छापलें नाहीं. जिवंतपणीं जिचें नांव नीट लिहून घेण्याची कोणास गरज भासली नाहीं, तिला मेल्यावर मात्र त्याच खोलींत कायमची चाकरी लागली!

मग पाहुण्यांना जें दिसतें तें सगळेंच थोतांड म्हणावयाचें काय? तसें म्हणणें उतावळेपणाचें होईल. परक्या ठिकाणीं पहिल्या रात्रीं झोंप लागत नाहीं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं त्याचें एक कारण दाखवून दिलें. नव्या जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोंपत नाहीं. तो पहारेकऱ्याप्रमाणें कान देऊन असतो. अशा अर्धवट झोंपेंत जुन्या लाकडाचें करकरणें हें पाऊल ठरतें आणि नळांतील पाण्याचा आवाज हा हुंदका ठरतो. १९९८ सालीं इंग्लंडांतील विक टँडी या अभियंत्यानें आणखी एक गोष्ट उजेडांत आणली. त्याच्या प्रयोगशाळेंत माणसांना विनाकारण भीति वाटे, घाम फुटे, आणि त्याला स्वतःला तर डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृति दिसली. शोध करतां करतां नवा बसविलेला एक पंखा सांपडला. त्याच्यामुळें खोलींत सेकंदास सुमारें १९ कंपनांचा, कानाला न कळणारा नाद उठत होता. पंख्याची बैठक बदलतांच भूत नाहींसें झालें. सगळ्या भुतांचा उलगडा एका पंख्यानें होणार नाहीं हें खरें; पण पाहणारा खोटें बोलत नसतांहि त्यानें पाहिलेलें खरें नसूं शकतें, एवढें यावरून ठरतें.

या दृष्टीनें कॅसिनोइतकी अनुकूल जागा शोधून सांपडणार नाहीं. कॅसिनो म्हणजे जुगाराचें राजमंदिर. तेथील दालनांना बहुधा खिडक्या नसतात, भिंतीवर घड्याळ नसतें. दिवस आणि रात्र सारखींच झगमगत असतात. जागरणानें तारवटलेल्या आणि हार खाल्लेल्या माणसाला तेथें काय दिसणार नाहीं? नेवाडा राज्यांतील लास व्हेगास शहरांत फ्लेमिंगो हॉटेलाच्या बागेंत बेंजामिन सीगल याचें भूत हिंडतें, अशी ख्याति आहे. हा गुंडांचा सरदार. त्याच्या देखरेखीखालीं तें हॉटेल १९४६ सालच्या डिसेंबरांत उघडलें. पण २० जून १९४७ रोजीं त्याचा खून झाला तो तेथें नव्हे, तर दूर कॅलिफोर्नियांतील बेव्हर्ली हिल्स येथील एका घरांत. फ्लेमिंगोची मूळची इमारतहि १९९३ पर्यंत पुरती पाडली गेली. घर गेलें, पण भूत राहिलें. कारण गिऱ्हाइकाला तें आवडतें.

त्याच शहरांत, त्याच रस्त्यावर, याहून फार गंभीर अशी एक जागा आहे. २१ नोव्हेंबर १९८० रोजीं सकाळीं सातच्या सुमारास एम्. जी. एम्. ग्रँड या सव्वीस मजली हॉटेलाला आग लागली. उपाहारगृहाच्या भिंतीआड विजेच्या तारांत दोष उत्पन्न झाला होता. कांहीं मिनिटांतच ज्वाळा कॅसिनोच्या विशाल दालनांतून पसरल्या. त्या दालनाच्या बहुतेक भागांत छतांतून आपोआप पाणी सोडणारीं यंत्रें नव्हतीं. जेथें चोवीस तास माणसांचा राबता आहे, तेथें आग कोणाच्या तरी दृष्टीस पडेलच, अशी समजूत होती. आग खालींच राहिली; परंतु विषारी धूर पाळण्यांच्या विहिरींतून, जिन्यांतून आणि हवेच्या नळांतून वर चढला. मेले ते बहुतेक वरच्या मजल्यांवर, ज्वाळा न पाहतां, धुरानें गुदमरून. मृतांची संख्या ८५ भरली. त्या धड्यानें जागें होऊन नेवाडा राज्यानें १९८१ सालीं उंच इमारतींत अशीं यंत्रें बसविण्याचा कडक कायदा केला.

ती इमारत दुरुस्त होऊन पुन्हां चालूं लागली, आणि वरच्या मजल्यांवर रडण्याचे आवाज येतात, धुराचा वास येतो, अशा कथाहि चालूं झाल्या. त्या ऐकून पाहुणे शहारतात, पण दाराच्या आंतील बाजूस लावलेला, बाहेर पडण्याचा जिना दाखविणारा नकाशा पाहावयास विसरतात. वास्तविक त्या ८५ जणांचा निरोप कांहीं असेलच, तर तो त्या नकाशांत आहे.

मुंबईसहि अशा कथेचा एक नमुना आहे. ताजमहाल हॉटेलाविषयीं पिढ्यान्‌पिढ्या एक आख्यायिका ऐकूं येते. एका साहेब शिल्पकारानें नकाशे करून दिले आणि तो विलायतेस गेला. परत येऊन पाहतो तों इमारत उलटी. तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे! त्या धक्क्यानें त्यानें वरच्या मजल्यावरून उडी घेतली, आणि तेव्हांपासून त्याचें भूत जुन्या भागांत फिरतें. कथा रंगतदार आहे, पण तिला आधार नाहीं. प्रवेशद्वार शहराच्या बाजूस ठेवलें तें समजून उमजून. घोडागाड्या तिकडूनच यावयाच्या होत्या. आणि मूळचा आराखडा कोणा साहेबाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन्. मिर्झा या दोघां एतद्देशीयांचा. काम चालू असतांच वैद्य हिवतापानें वारले, आणि उरलेलें काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्यानें पुरें केलें. १६ डिसेंबर १९०३ रोजीं हॉटेल उघडलें, तेव्हां तें पाहावयास वैद्य नव्हते.

म्हणजे खरोखर गेला तो एक मराठी शिल्पकार, मुंबईच्या नेहमींच्या तापानें, आपलें काम अर्धें टाकून. त्याचें भूत कोणीं पाहिल्याचें ऐकिवांत नाहीं. जो मेला नाहीं त्या साहेबाला मात्र लोकांनीं भूत करून अमर केलें.

भुतांच्या गोष्टी सांगूं नयेत असें नव्हे. पावसाळ्याच्या रात्रीं त्यांच्यावांचून करमणार नाहीं. पण हॉटेलाच्या बोळांत कोणी पांढरी आकृति दाखविलीच, तर आकृतीला भिण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: येथें खरोखर कोण राबलें, आणि कोण कशानें गेलें? बहुधा उत्तरांत गळका गॅस निघेल, सदोष तार निघेल, साधा हिवताप निघेल. आणि त्यांच्याबरोबर एखादें पुसलें गेलेलें नांवहि निघेल. गांवचा मुंजा निदान आपल्या घराण्याच्या नांवानें ओळखला जातो. ताजच्या भिंतींना तेवढा मान तरी रावसाहेब वैद्यांस देतां यावा.