उत्तर उताऱ्यात शोधावे



प्राथमिक शाळेतील पुष्कळ मुले धडा खडाखड वाचतात. उच्चार स्वच्छ असतात, विरामचिन्हे पाळली जातात. पाहुण्यांसमोर असे वाचन झाले म्हणजे शिक्षकासही समाधान वाटते. परंतु त्याच मुलास नुकत्याच वाचलेल्या मजकुरावर थोडा आडवळणाचा प्रश्न विचारला, तर ते गप्प राहते, किंवा मजकुरात नसलेलेच काही सांगते. वाचन झाले, आकलन राहिले, अशी ही स्थिती होय.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलासाठी एक लक्ष्य ठरविण्यात आले. त्याने मिनिटास किमान ६० शब्द बिनचूक व अर्थासह वाचावेत, आणि तो मजकूर त्याच्या वयास योग्य परंतु अपरिचित असावा, असे ते लक्ष्य आहे. यांपैकी ६० हा आकडा सर्वांच्या ध्यानात राहतो. ‘अपरिचित’ हा शब्द मात्र सहज निसटतो. वस्तुतः आकलनाच्या सरावाचे सारे मर्म याच शब्दात आहे. एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. पुढील उतारा पाहावा.

“शनिशिंगणापूर हे गाव नेवासे तालुक्यात आहे. येथील शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी असून तिच्यावर छप्पर नाही. गावातील घरांस दारे व कुलुपे न लावण्याची जुनी परंपरा आहे. कुत्री आत शिरू नयेत म्हणून काही घरांच्या चौकटीस फळ्या टेकवून ठेवतात. २०११ साली यूको बँकेने दर्शनी दारास कुलूप न लावण्याची पद्धत ठेवून येथे शाखा उघडली. २०१५ साली गावात पोलीस ठाणे सुरू झाले.”

या उताऱ्यावर पाच प्रश्न येणेप्रमाणे काढता येतील.

१. हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
२. गावातील घरांस काय न लावण्याची परंपरा आहे?
३. काही घरांच्या चौकटीस फळ्या कशासाठी टेकवतात?
४. बँकेची शाखा आधी सुरू झाली की पोलीस ठाणे? दोहोंत किती वर्षांचे अंतर आहे?
५. ‘या गावात चोरी होत नाही’ असे उताऱ्यात लिहिले आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शिंगणापूरचे मूल उतारा न वाचताच देईल. तेथे वाचनाची परीक्षा झालीच नाही. जामखेड किंवा अकोले तालुक्यातील मुलास मात्र तेच प्रश्न वाचूनच सोडवावे लागण्याचा संभव अधिक. तात्पर्य, एकच प्रश्न एका शाळेत उपयोगी आणि दुसऱ्या शाळेत निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून छापील प्रश्न जसेच्या तसे न वापरता शिक्षकाने ते आपल्या गावच्या मुलांस लावून पाहावेत. याची कसोटी सोपी आहे. उतारा देण्यापूर्वीच प्रश्न विचारावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर बहुसंख्य मुले तेव्हाच बरोबर देतील, तो प्रश्न त्या वर्गापुरता बाद समजावा.

तिसऱ्या प्रश्नास काही मुले ‘चोर येऊ नयेत म्हणून’ असे उत्तर देतील. दार व कुलूप हे शब्द आले की चोर आपोआप मनात येतो आणि पुढचे ‘कुत्री’ डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांच्या अशाच चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखादा शब्द मनावर वाजवीपेक्षा अधिक पगडा बसवितो, दुसऱ्यास त्याचे वजन मिळत नाही, आणि त्यामुळे उत्तर चुकते, असे त्यांस आढळले. परिच्छेद समजून घेणे हे गणित सोडविण्यासारखे विचाराचे काम आहे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून चुकलेल्या मुलास ‘पुन्हा वाच’ एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या शब्दाने त्यास चकविले, हे त्याच्याकडूनच काढून घेतले पाहिजे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका वाक्यात नाही. दोन वाक्ये जोडून वजाबाकी केल्यावरच ‘शाखा आधी, चार वर्षांचे अंतर’ हे उत्तर मिळते.

पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील, कारण ती गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. उताऱ्यात मात्र दारांविषयी लिहिले आहे. चोरी होते किंवा होत नाही, याविषयी एक अक्षरही नाही. येथे शिक्षकाने कोणाच्या श्रद्धेचा खल करू नये. ऐकलेली गोष्ट खरी की खोटी, हा या तासाचा विषय नाही. ती कागदावर लिहिलेली आहे की नाही, एवढेच मुलाने पाहावयाचे आहे.

सहावी-सातवीत आणखी एक पायरी चढता येईल. उताऱ्याच्या शेवटी एक वाक्य जोडावे: “२०१० साली एका यात्रेकरूने आपल्या वाहनातून ऐवज चोरीस गेल्याची तक्रार केली होती.” मग विचारावे, ‘गावात चोरी झाली, असे उताऱ्यात लिहिले आहे काय?’ विचारपूर्वक वाचणारे मूल सांगेल की तक्रार झाली असे लिहिले आहे. चोरी सिद्ध झाली असे लिहिलेले नाही. एका वाक्याने उत्तर कसे व किती बदलते, हे ज्यास कळले, त्यास वाचता येऊ लागले असे खुशाल समजावे.

या सरावास फार साहित्य लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटे पुरेत. द्विशिक्षकी शाळेत शिक्षक एका वर्गास शिकवीत असता दुसऱ्या वर्गासाठी सहा-सात वाक्यांचा उतारा फळ्यावर लिहून ठेवता येतो. प्रथम मुलांनी मूकवाचन करावे. नंतर प्रश्न द्यावेत. प्रत्येक उत्तरामागून ‘कोणत्या वाक्यावरून?’ हा प्रश्न न चुकता विचारावा व मुलाने त्या वाक्यावर बोट ठेवावे. उत्तर बरोबर असूनही वाक्य दाखविता आले नाही, तर ते उत्तर अपुरे मानावे. दर वेळी एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर ‘उताऱ्यात दिलेले नाही’ असे येईल. हे उत्तर देण्यास मुले प्रारंभी बिचकतात. त्यात अज्ञान नसून दक्षता आहे, हे त्यांस पटवून द्यावे.

उतारे जवळचेच घ्यावेत, पण त्यांतील माहिती नवी असावी. नेवासे म्हटले की मुलांस ज्ञानेश्वर महाराज आठवतात. तेथेच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि अश्मयुगीन व ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले, ही माहिती बहुधा त्यांस नसते. गाव परिचित व मजकूर अपरिचित, असा हा उत्तम मेळ आहे. गावचा बाजार, पाटबंधाऱ्याचे पाणी, पावसाची नोंद यांवरही असे उतारे रचता येतील.

या कामाचे मोल परीक्षेतील गुणांपुरते नाही. हीच मुले उद्या कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना वाचतील, कर्जाच्या कागदावर सही करतील, सातबाऱ्यावरील नोंद पाहतील. तेथे पाठ केलेला धडा उपयोगी पडत नाही, आणि ऐकीव माहितीवर विसंबून केलेल्या सहीची किंमत साऱ्या कुटुंबास मोजावी लागते. कागदावर काय लिहिले आहे, काय लिहिलेले नाही, आणि लोक काय म्हणतात, या तीन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची सवय चौथीच्या वर्गातच लागली पाहिजे. त्यासाठी येत्या सोमवारी फळ्यावर सहा वाक्ये लिहून प्रारंभ करता येईल.