वायुगळतीची रंगीत तालीम



नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. गॅसचे टँकर इथून रात्रंदिवस जातात. जवळच महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

आवारभर पसरलेलं पांढरं धुकं आपण टीव्हीवर पाहिलं. पण ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. उणे १८३ अंशांचा द्रव बाहेर पडला की हवेतलं बाष्प गोठतं, ते धुकं त्याचं. त्यात शिरणाऱ्याच्या कपड्यांत ऑक्सिजन मुरतो. बाहेर आल्यावर त्याच्याजवळ कुणी काडी पेटवली, तर कपडे क्षणात भडकतात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण समोरचं दिसत नसताना हाताला झडप सापडायची तर सरावच हवा.

आता खरा वायू सोडून कुणाला शिकवता येत नाही. म्हणून नाटकात वापरतात तसलं धुराचं यंत्र लावायचं आणि अग्निशमन दलाच्या जवानाच्या हातात नकली गॅसमापक द्यायचा. त्याचे आकडे प्रशिक्षक दुरून चढवतो-उतरवतो. जवान वाऱ्याच्या दिशेचा विचार न करता पुढे गेला, की मापक ओरडू लागतो. पाठीवरचा श्वसनसंच मात्र खराच हवा. कागदावर ४५ मिनिटं पुरणारा सिलिंडर धावपळीत किती लवकर संपतो, हे हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यावरच पटतं.

माझं मत विचाराल, तर महागड्या यंत्रांपेक्षा क्लोरीनचा रिकामा, धुऊन स्वच्छ केलेला टनर जास्त शिकवतो. टनर म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रात असतं ते ९०० किलोचं आडवं नळकांडं. त्यात साधी दाबाची हवा भरायची, एक झडप सैल ठेवायची आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधायला लावायची. नवखा माणूस हमखास पाण्याचा पाइप गळतीवर धरतो. खऱ्या क्लोरीनवर असं केलं, तर आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. जाणता माणूस आधी टनर फिरवून गळकी बाजू वर आणतो. मग द्रवाऐवजी वायू बाहेर येतो. एक लिटर द्रवाचा जवळपास साडेचारशे लिटर वायू होतो, म्हणजे या एका हालचालीने संकट केवढं आटोक्यात येतं ते बघा. सराव हवेवर असला तरी मुखवटा चढवूनच करायचा, कारण हातमोज्यांत पाना कसा निसटतो हेही कळायला हवं.

नाशकातल्या शीतगृहांच्या मालकांना आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना माझं एक सांगणं आहे. तुमच्याकडची तालीम दिवसाढवळ्या, पाहुण्यांसमोर, फोटो काढून संपत असेल, तर ती पुन्हा घ्या. रात्रपाळीत घ्या. मुख्य तंत्रज्ञ सुट्टीवर आहे असं धरा आणि मुख्य झडप कुठे आहे, हे वॉर्डातल्या परिचारिकेला विचारा. पर्यायी सिलिंडर जोडायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोजा.

राहिलो आपण बघे. टँकर गळताना दिसला, तर वारा ज्या बाजूने येतोय, त्या बाजूला सरका. वाट गॅसमधून जात असेल, तर वाऱ्याला आडवे निघा. स्वयंपाकाचा गॅस आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असतात, ते खोलगट जागी साचतात. त्यामुळे भुयारी मार्गात आसरा घेऊ नका. गाडी सुरू करू नका, व्हिडिओ काढायला थांबू नका. टँकरवरच्या पाटीवर चार आकडी क्रमांक असतो. क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५, स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. दुरून वाचता आला तर सुरक्षित जागी पोहोचल्यावर ११२ ला फोन करून तो सांगा. मग अग्निशमन दलाचे जवान निघतानाच योग्य साहित्य गाडीत टाकतात.