वाटा ठरण्याआधी नियम ठरावा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय 'खेळ सिद्धांत' आहे असे कळल्यावर काही पालकांना वाटले असेल की गुरुजी आज क्रिकेटवर बोलणार. तसे नाही. इंग्रजीत ज्याला गेम थिअरी म्हणतात ते हे शास्त्र होय. माझ्या निर्णयाचे फळ केवळ माझ्यावर नव्हे, तर समोरचा काय करील यावरही अवलंबून असते, अशा प्रसंगी शहाणपणाने कसे वागावे याचा विचार या शास्त्रात केला जातो. बुद्धिबळात असे असते, बाजारातल्या घासाघिशीत असते, भावाभावांच्या वाटणीत असते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या दोन विद्वानांनी १९४४ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला शास्त्राचे रूप आले. पुढे जॉन नॅश या तरुण गणितज्ञाने १९५० च्या सुमारास त्यात मोलाची भर घातली. त्याबद्दल १९९४ साली त्याला इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मी गणिताचा पदवीधर नाही. तेव्हा समीकरणे बाजूला ठेवून, आपण सारे ज्या नदीचे पाणी पितो त्या गोदावरीचेच उदाहरण आपणांपुढे ठेवतो.

एक नदी, अनेक तहाना

गोदावरी आपल्या जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड अशी धरणे आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदरा, निळवंडे व मुळा ही धरणे आहेत. या सर्वांच्या खाली पैठणजवळ जायकवाडीचा नाथसागर आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

पाऊस चांगला झाला की सगळेच सुखी असतात. पाऊस कमी झाला की एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क उभा राहतो. नाशिक शहराला प्यायला पाणी हवे. निफाड-कोपरगावच्या शेतकऱ्याला रब्बीचे आवर्तन हवे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना पाणी हवे. तिकडे मराठवाड्यातही पिण्याचे पाणी हवे, आणि तिथल्या शेतकऱ्याचीही जमीन तहानलेलीच असते. शिवाय वरून सोडलेले पाणी कोरड्या पात्रातून जाताना वाटेत मुरते, ते वेगळेच. यांतली एकही मागणी खोटी नाही. खऱ्या आणि खोट्याचा तंटा सोडवणे सोपे असते. खऱ्या आणि खऱ्याचा तंटा सोडवणे कठीण असते.

महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाई आली तर ती एकाच्या माथी न मारता सर्व प्रकल्पांत न्याय्यपणे वाटावी, असे त्यात म्हटले आहे. पण 'न्याय्यपणे' म्हणजे किती? त्यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये एक कोष्टक सुचवले आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने त्याचा आधार घेतला. त्या आदेशाप्रमाणे दरवर्षी १५ ऑक्टोबरला हिशेब करायचा होता. खरिपातला वापर धरून जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर वरची धरणे किती भरली आहेत ते पाहून प्रत्येकाने किती सोडायचे ते ठरवायचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो आदेश उचलून धरला. २०२३ साली या हिशेबाप्रमाणे ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यांत मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५० आणि दारणा समूहातून २.६४३ असे वाटे होते.

आकडे सर्वांना पटले असे नाही. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सूत्राच्या फेरअभ्यासासाठी नवा अभ्यासगटही नेमला गेला. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वी 'पाणी सोडायचे की नाही' यावर भांडण होते. सूत्र आल्यावर 'सूत्र बरोबर आहे का' यावर वाद होऊ लागला. हा लहान फरक नव्हे. पहिल्या भांडणात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. दुसऱ्या वादात ज्याचा हिशेब खरा त्याला काही आशा असते.

तीन न्याय, तीन उत्तरे

विद्यार्थी मित्रांनो, आता वहीत एक छोटे गणित मांडा. एका गावाची मागणी ९ भाग पाण्याची आहे, दुसऱ्याची ३ भागांची. एकूण १२ भाग हवेत आणि तळ्यात आहेत फक्त ८. वाटणी कशी कराल?

एक जण म्हणेल, मागणीच्या प्रमाणात द्या. मग वाटे ६ आणि २ होतात. दुसरा म्हणेल, तूट ४ भागांची आहे, ती दोघांनी सारखी सोसावी. मग वाटे ७ आणि १ होतात. तिसरा म्हणेल, दोघांना सारखे द्या, फक्त कोणालाही मागितल्यापेक्षा जास्त नको. मग वाटे ५ आणि ३ होतात. तिन्ही नियम न्यायाचे आहेत आणि उत्तरे मात्र तीन आहेत. मोठ्या गावाला दुसरा नियम आवडेल, लहान गावाला तिसरा. म्हणून आपला वाटा किती येणार हे दिसू लागण्याआधी नियम ठरवावा. पाणी आटल्यावर जो तो आपल्या सोयीचा न्याय शोधतो.

हा प्रश्न आपल्या परंपरेलाही नवा नाही. वारसाहक्काच्या हिशेबात 'औल' नावाचा भाग आहे. एखादी स्त्री पती आणि दोन सख्ख्या बहिणी मागे ठेवून वारली, तर पतीचा वाटा अर्धा आणि बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. बेरीज केली तर सहापैकी सात भाग होतात! हजरत उमर (रजि.) यांच्या काळात असा प्रसंग आला, तेव्हा मालमत्तेचे सहाऐवजी सात भाग करून तीन पतीला आणि चार बहिणींना देण्यात आले. म्हणजे तूट सर्वांनी आपापल्या प्रमाणात सोसली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना हा मार्ग मान्य नव्हता. काही वारसांचा वाटा आधी पूर्ण द्यावा आणि तूट इतरांकडे जावी, असे त्यांचे मत होते. प्रमाणात कपात करावी की अग्रक्रम ठरवावा, हाच आजच्या पाण्याचाही वाद आहे. 'आधी पिण्याचे पाणी, मग शेती' म्हणणारा अग्रक्रमाच्या बाजूचा, आणि 'सर्वांनी थोडे थोडे सोसा' म्हणणारा प्रमाणाच्या बाजूचा. थोरांमध्येही असा मतभेद झाला, पण तो नियमाविषयीचा होता.

खरे बोलणे परवडले पाहिजे

नियम ठरला म्हणजे काम संपले काय? नाही. नियम असा हवा की त्यात प्रामाणिक माणसाचे नुकसान होऊ नये.

एकाच चारीवरचे दोन शेतकरी घ्या. दोघांनी आपापली पाळी पाळली तर प्रत्येकाला तीन पाणी मिळतात. एकाने रात्री चोरून दार उघडले तर त्याला चार मिळतात आणि दुसऱ्याला एकच. दोघांनीही चोरले तर चारी फुटते, पाणी वाया जाते आणि दोघांना दोन-दोनच मिळतात. प्रत्येक जण मनाशी म्हणतो, 'तो चोरणारच, मग मी का मागे राहू?' तोही तेच म्हणतो. दोघे हुशार असूनही दोघे बुडतात. शास्त्रात याला कैद्यांचा पेच म्हणतात. मोठ्या धरणांचेही असेच आहे. काटकसर करून ऑक्टोबरपर्यंत पाणी राखले तर ते खाली जाणार, असे वरच्या शेतकऱ्याला वाटू लागले की काटकसर त्याला मूर्खपणा वाटू लागते.

या पेचातून वाट काढण्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचत नसे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९० नंतर तेथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. आरंभी तीन संस्था होत्या, पुढे त्या चोवीस झाल्या. २००३ मध्ये संपूर्ण प्रकल्पाची मिळून शेतकऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि धरणाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला.

त्यांनी केले काय? पाणी मोजून घेतले. हंगामाआधीच प्रत्येक संस्थेचा कोटा ठरू लागला. कोट्यातल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. वाचवलेले पाणी आपल्याच उपयोगाचे, म्हणून काटकसर फायद्याची झाली. हिशेब सर्वांसमोर असल्याने चोरी झाकेना. आणि उद्याही याच शेजाऱ्याशी गाठ आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. खेळ एकदाच खेळायचा असेल तर माणूस लबाडी करतो. तोच खेळ त्याच माणसांशी दर हंगामाला खेळायचा असेल तर अब्रूला किंमत येते. वाघाडचे शेतकरी पूर्वीचेच होते. बदलला तो नियम.

घरातली बैठक

पालकहो, आता आपल्या घरात येऊ. दहावीचा निकाल लागतो आणि मुलीने पुढे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. फी परवडली पाहिजे. कॉलेज जवळ हवे, येणे-जाणे सुरक्षित हवे. आणि मुलीची आवड? ती बहुधा शेवटी विचारली जाते, कधी विचारलीच जात नाही.

येथे शास्त्राची एक युक्ती उपयोगी पडते. प्रत्येक निकषाला बैठकीत बसलेला एक माणूस समजा. फी हा एक माणूस, अंतर हा दुसरा, आवड हा तिसरा. प्रत्येकाला प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण देऊ द्या. समजा, पहिल्या पर्यायाला फीने ९, अंतराने ९ आणि आवडीने २ गुण दिले. दुसऱ्याला अनुक्रमे ७, ६ आणि ६ दिले. बेरीज केली तर पहिला २०, दुसरा १९. पहिला जिंकला! पण आता बेरजेऐवजी गुणाकार करा. पहिल्याचे ९ गुणिले ९ गुणिले २, म्हणजे १६२. दुसऱ्याचे ७ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे २५२. निकाल उलटला.

असे का झाले? बेरजेत एकाचे पोट भरून दुसऱ्याची उपासमार झाकता येते. गुणाकारात ती झाकत नाही. एकाला शून्य मिळाले तर सगळेच शून्य. देवघेवीचा तंटा मिटवताना प्रत्येकाला होणाऱ्या लाभांचा गुणाकार जास्तीत जास्त व्हावा, असा नियम नॅशने १९५० साली मांडला. त्याचे मर्म इतकेच की तडजोडीत कोणीही अगदी रिकाम्या हाताने उठू नये.

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे. निकाल लागण्याआधी, शेजाऱ्यांचे सल्ले सुरू होण्याआधी, एक संध्याकाळ घरात बसा. अब्बांनी, अम्मींनी आणि मुलीने आपापले निकष कागदावर लिहावेत. कॉलेजांची नावे त्यानंतर. कोणत्या निकषाला किती गुणांखाली जाऊ द्यायचे नाही, तेही आधीच लिहावे. मगच गुण द्यावेत. आणि मुलीने 'मला शास्त्र शाखेला जायचे आहे' असे खरे सांगितले तर तिच्यावर कोणी रागावणार नाही, असा घरचा नियम हवा. चारीवर जे खरे ते घरातही खरे. जिथे खरे बोलण्याची शिक्षा मिळते तिथे मुले खरे बोलणे सोडतात आणि मग आईबाप चुकीच्या माहितीवर निर्णय घेतात. मुलग्यासाठी एक कागद आणि मुलीसाठी दुसरा, असे मात्र करू नये. नियम एकच असावा.

या शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गुण आपणच देतो, यंत्र देत नाही. फीला ९ आणि आवडीला २ हे आकडे लबाडीने लिहिले तर गुणाकारही लबाडच निघेल. शिवाय बैठकीत ज्याला जागाच दिली नाही त्याचा गुण कोण मोजणार? नदीच्या वाटपात नदीकाठच्या भूमिहीन मजुराला कोणी विचारले का? घराच्या निर्णयात मुलीला विचारले का? शास्त्र हिशेब करून देते. बैठकीला कोणाला बोलवायचे हे आपल्याला ठरवावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी वकील, कोणी पाणीवापर संस्थेचा सचिव. वाटणीची वेळ तुमच्यावर येईलच, कारण पाणी, पैसा आणि जागा कधीही सर्वांना पुरत नाहीत. त्या वेळी 'मला किती' हे विचारण्याआधी 'नियम कोणता, आणि तो माझ्यावर उलटला तरी मला मान्य आहे का' एवढे स्वतःला विचारा. इतके केलेत तरी आजचे माझे बोलणे सार्थकी लागेल.