गुडघ्याच्या अस्तराचा एक दुर्मिळ विकार

गुडघा सुजला कीं घरोघरीं तर्क ठरलेला असतो: तरुणाचा असेल तर मुरगळला, वृद्धाचा असेल तर वात. बहुधा तो खराहि ठरतो. परंतु मार लागल्याचें स्मरत नाहीं, ज्वर नाहीं, आणि तरीहि एकच गुडघा महिनोन् महिने पुनःपुन्हां सुजतो व आखडतो, तेव्हां सांध्याच्या अस्तराकडे लक्ष वळविणें अवश्य असतें.

सांध्यास वंगण पुरविणारा द्रव या पातळ अस्तरांत निर्माण होतो. प्रस्तुत विकारांत तें जाड होऊन त्यावर झालरी व गांठी उठतात. त्यांतून वरचेवर रक्त झिरपतें आणि रक्तांतील लोह सांचून अस्तर तपकिरी होतें. १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या जॅफी, लिक्टेनस्टाइन व सुट्रो या डॉक्टरांनीं यास ‘पिगमेंटेड व्हिलोनॉड्युलर सायनोव्हायटिस’ हें नांव दिलें. त्यांस हा दाह वाटला होता. पुढें २००६ सालीं खरा उलगडा झाला. थोड्याशा पेशींत गुणसूत्राचा तुकडा स्थानभ्रष्ट होतो. त्या पेशी एक प्रथिन अतोनात निर्माण करितात, आणि त्याच्या हांकेस धांवून आलेल्या भक्षक पेशींनींच गांठ वाढते. म्हणून आतां याची गणना अर्बुदांत होते. मात्र हा सहसा कर्करोग नव्हे.

आरंभीं क्ष-किरणांच्या चित्रांत बहुधा कांहींच दोष आढळत नाहीं. सुईनें काढलेलें पाणी तांबूस वा तपकिरी निघालें, तर संशय बळावतो. एम.आर.आय. चित्रांत लोहाचे भाग काळे उमटतात, आणि अखेरचा निर्णय अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून होतो.

एकच गांठ असल्यास ती काढून टाकिल्यावर बहुधा सुटका होते. विकार सर्वत्र पसरला असल्यास गुडघ्याच्या पुढून व मागून अस्तर काढावें लागतें, आणि तरीहि तो उलटण्याचा संभव बराच असतो. जेथें शस्त्रक्रियेनें लाभ होण्यासारखा नाहीं, अशा रोग्यांसाठीं अमेरिकेंत २०१९ सालीं पेक्सिडार्टिनिब या औषधास मान्यता मिळाली. यकृतास गंभीर अपाय होण्याची ताकीद तिला जोडलेली होती. २०२५ सालीं व्हिम्सेल्टिनिब हें दुसरें औषध मान्य झालें. रोग प्राणघातक नसल्यामुळें उपाय रोगाहून जड होणार नाहीं, हें पाहणें वैद्याचें कर्तव्य ठरतें.

परंतु प्राणघातक नाहीं म्हणून दुर्लक्ष केल्यास ऐन तारुण्यांत कूर्चा व हाड झिजतें, आणि तें पूर्ववत् होत नाहीं. पुनःपुन्हां भरणाऱ्या गुडघ्यावर केवळ तेल चोळीत वर्षें दवडूं नयेत. पाणी काढिलें असेल, तर त्याचा रंग कोणता होता, एवढा एक प्रश्न डॉक्टरांस अवश्य विचारावा.