सीमारेषेवरची माणसे

कोणताही खेळ मांडावयाचा म्हणजे प्रथम एक रेघ ओढावी लागते. हुतूतू असो, आट्यापाट्या असोत की क्रिकेट असो, रेघेच्या आत जे घडते तो खेळ आणि रेघेबाहेर जे उभे असतात ते प्रेक्षक, असा एक अलिखित करार सर्वांनी मान्य केलेला असतो. परंतु रेघेला अगदी लागून उभा राहणारा एक तिसरा वर्गही असतो. तो खेळत नाही आणि नुसता पाहतही नाही. प्रशिक्षक, त्यांचे साहाय्यक, राखीव गडी, चेंडू सांभाळणारे नोकर, चित्रण करणारे छायाचित्रकार अशी ही मंडळी. जयापजयात त्यांचा वाटा मोठा असतो. पण पंचाची नजर खेळाडूंवर जशी क्षणोक्षणी खिळलेली असते तशी ती या मंडळींवर नसते. यांच्या हातून नियम मोडला गेला तर त्याचा न्याय कसा करावयाचा, हा प्रश्न अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलला दीर्घकाळ छळीत आला आहे. त्या प्रश्नाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटला की पायाने टोलवावयाचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेचा फुटबॉल निराळा. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुधा हातांनीच खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढील प्रयत्नासाठी नवी योजना आखली जाते. ही योजना बहुधा सीमारेषेवर उभा असलेला प्रशिक्षक धाडतो. त्यामुळे तेथील सीमारेषा ही एका अर्थी सेनापतीची छावणीच असते. मैदानाभोवती सहा फूट रुंदीचा एक पांढरा पट्टा आखलेला असतो. खेळ चालू असताना तो पंचांना धावण्यासाठी मोकळा ठेवावयाचा, प्रशिक्षकांनी अथवा राखीव खेळाडूंनी तेथे पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक आहे. आजच्या कथेतील पहिल्या दोन घटना या पट्ट्याच्या काठावर घडल्या आहेत.

१२ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क जेट्स आणि मायामी डॉल्फिन्स या दोन संघांचा सामना चालू होता. जेट्सचा खेळाडू उंचावरून येणारा चेंडू झेलणार होता, आणि त्याला गाठण्यासाठी मायामीचा नवखा खेळाडू नोलन कॅरोल सीमारेषेच्या बाहेरून वेगाने धावत येत होता. रेषेला लागून जेट्सची काही माणसे ओळीने उभी होती. त्यांत संघाचे शरीरबल-प्रशिक्षक साल अलोसी होते. कॅरोल जवळ येताच अलोसी यांचा गुडघा किंचित पुढे आला, आणि तो तरुण खेळाडू अडखळून जमिनीवर कोसळला. पंचांना यातले काहीच दिसले नाही. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला मात्र ते दिसले, आणि त्या रात्री देशभर तो गुडघा पुनःपुन्हा दाखविला गेला.

सुदैवाने कॅरोल यांना गंभीर दुखापत झाली नाही. अलोसी यांनी क्षमा मागितली. संघाने त्यांना उरलेल्या हंगामापुरते विनावेतन दूर केले आणि २५,००० डॉलरचा दंड केला. प्रकरण येथेच मिटले असते, तर एका माणसाचा क्षणिक तोल गेला एवढेच आपण म्हटले असते. पण चौकशीत निष्पन्न झाले की, त्या दिवशी खेळात नसलेल्या पाच खेळाडूंना अलोसी यांनीच रेषेलगत भिंतीसारखे उभे राहावयास सांगितले होते. प्रतिपक्षाच्या धावणाऱ्या गड्याला बाहेरची वाट अरुंद व्हावी हा त्यातील हेतू. मग मात्र शिक्षा अनिश्चित काळापर्यंत वाढविण्यात आली, नॅशनल फुटबॉल लीगने संघाला १,००,००० डॉलरचा दंड ठोठावला, आणि पुढील महिन्यात अलोसी यांनी पद सोडले. गुडघा पुढे येणे ही एका क्षणाची गोष्ट. पण भिंत उभी करणे ही अगोदर विचार करून केलेली गोष्ट. न्यायाच्या दृष्टीने या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे, आणि लीगने ते ओळखले. तथापि तेवढ्यात जेट्सच्याच एका प्रशिक्षकाने रेडिओवर सांगून टाकले की न्यू इंग्लंडचा संघही अशीच रांग लावतो! आपल्यावर आरोप आला की दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचे, ही मनुष्यस्वभावाची जुनीच खोड आहे.

यानंतर तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०१३ रोजी, पिट्सबर्ग स्टीलर्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स यांच्या सामन्यात असाच प्रसंग घडला. या वेळी सीमारेषेवर साधा साहाय्यक नव्हता. पिट्सबर्गचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन हेच पांढऱ्या पट्ट्यावर उभे होते, आणि त्यांचा एक पाय मैदानाच्या हद्दीत होता. त्यांची पाठ खेळाकडे आणि दृष्टी क्रीडागारातील प्रचंड पडद्याकडे होती. बाल्टिमोरचा जेकोबी जोन्स चेंडू घेऊन त्याच कडेने सुसाट येत होता. टॉमलिन यांनी ऐन वेळी अंग चोरले; पण जोन्सला वाट किंचित बदलावी लागली, आणि ७३ यार्ड धावल्यावर तो पकडला गेला. बाल्टिमोरने सामना २२–२० असा जिंकला, म्हणून अनर्थ टळला. लीगने टॉमलिन यांना १,००,००० डॉलरचा दंड केला. आपण पडद्यावर खेळ पाहण्यात गुंगलो आणि आपल्या पायाखालचे भान राहिले नाही, असे त्यांचे सांगणे होते. ते खरे असेल. कोणी ते मानले, कोणी मानले नाही. कॅमेरा पाय कोठे होता ते दाखवितो. मनात काय होते ते दाखवीत नाही. आरोपांच्या या साऱ्या इतिहासात खरी अडचण आहे ती हीच.

उघड घडलेल्या अपराधाचा न्याय सोपा असतो. १ जानेवारी १९५४ रोजी महाविद्यालयीन संघांच्या एका प्रसिद्ध सामन्यात अलाबामाचा टॉमी लुइस हा खेळाडू बाकावरून उठला, शिरस्त्राणही न घालता मैदानात धावला आणि राइस विद्यापीठाच्या डिकी मोगल याला त्याने खाली पाडले. सहस्रावधी लोकांनी ते पाहिले. पंचांनी तेथल्या तेथे राइसला पूर्ण धावेचे गुण देऊन टाकले. धंदेवाईक खेळाच्या नियमांतही अशा ढळढळीत अन्यायाच्या कृत्यासाठी पंचांना हा अधिकार दिलेला आहे. परंतु जे पंचांनी पाहिलेच नाही, अथवा ज्यासाठी नियमच लिहिलेला नाही, त्याचे काय?

याचे एक गमतीदार उदाहरण सांगतो. १२ डिसेंबर १९८२ रोजी न्यू इंग्लंड आणि मायामी हे संघ बर्फाच्या वर्षावात खेळत होते. दोन्ही बाजूंचे गुण शून्य. सामना संपत आला असताना न्यू इंग्लंडला चेंडू लाथेने टोलवून तीन गुण मिळविण्याची संधी आली. तेवढ्यात बर्फ सारण्याचे एक छोटे यंत्र मैदानात शिरले, आणि चेंडू जेथे ठेवावयाचा नेमकी तीच जागा स्वच्छ करून गेले. यंत्र चालविणारा माणूस तुरुंगातून कामापुरता बाहेर आणलेला एक बंदिवान होता! न्यू इंग्लंडने ३–० असा विजय मिळविला. मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला संतापले, पण निकाल बदलला नाही. कारण यंत्राला मनाई करणारा नियमच नव्हता. पुढे ते यंत्र संघाच्या संग्रहालयात मानाने ठेवले गेले. जिंकलेल्यांच्या दृष्टीने जे गमतीचे स्मारक, ते हरलेल्यांच्या दृष्टीने अन्यायाचे.

यापुढचा टप्पा अधिक गंभीर आहे. प्रशिक्षक योजना धाडतात असे वर म्हटले. १९९४ पासून चढाई करणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात लहानसा रेडिओ बसविण्यास परवानगी मिळाली. पण बचाव करणाऱ्या संघाला २००८ पर्यंत ती सोय नव्हती. त्यांचे प्रशिक्षक हातांच्या खुणांनी योजना सांगत. प्रतिपक्षाने त्या खुणा नुसत्या डोळ्यांनी पाहून ओळखल्या, तर त्यात गैर काही मानले जात नसे. ते चातुर्यच ठरे. मात्र सीमारेषेवरून त्यांचे चित्रण करण्यास बंदी होती, आणि २००६ मध्ये लीगने सर्व संघांना तशी लेखी जाणीवही दिली होती. असे असता ९ सप्टेंबर २००७ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा एक चित्रणकार जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणा सीमारेषेवरून टिपताना पकडला गेला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५,००,००० डॉलर व संघाला २,५०,००० डॉलर दंड झाला, आणि नवे खेळाडू निवडण्याचा संघाचा पहिल्या फेरीतील एक हक्क काढून घेण्यात आला. आपण नियमाचा अर्थ चुकीचा लावला, असे बेलिचिक यांचे म्हणणे पडले.

शिक्षा जबर होती. परंतु लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी हस्तगत केलेल्या चित्रफिती नष्ट करविल्या, आणि येथेच संशयाला अंकुर फुटला. फितींत काय होते, हे आता कोणालाच पाहता येणार नव्हते. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी यावर जाहीर प्रश्न विचारले. फेब्रुवारी २००८ मध्ये, अंतिम सामन्याच्या अगदी आदल्या दिवशी, बोस्टनच्या एका वृत्तपत्राने छापले की, २००२ च्या अंतिम सामन्यापूर्वी याच संघाने प्रतिपक्षाचा सराव चोरून चित्रित केला होता. मे महिन्यात त्याच वृत्तपत्राला ही बातमी खोटी ठरल्याचे मान्य करून क्षमा मागावी लागली. पण एकदा उडालेला धुरळा क्षमायाचनेने खाली बसत नाही. ज्याने एकदा अपराध केला त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी लोकांना ते खरे वाटते. आणि पुरावा जाळणारा न्यायाधीश अपराध्याला वाचवीत नाही की निरपराध्यालाही वाचवीत नाही.

हे सत्य पुढे चेंडूतील हवेच्या प्रकरणात अधिकच प्रत्ययास आले. १८ जानेवारी २०१५ च्या सामन्यात पेट्रियट्सने इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५–७ असा पराभव केला. त्या सामन्यात पेट्रियट्सचे चेंडू मुद्दाम मऊ केले होते, असा आरोप झाला. नियमाप्रमाणे चेंडूतील हवेचा दाब दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड असावा लागतो. मध्यंतरात पेट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले, ते कमी भरले. पण कोल्ट्सचे चारच चेंडू मोजले गेले. मोजण्याची दोन उपकरणे एकमेकांशी जुळत नव्हती. आणि सामन्यापूर्वीचा दाब कोणी लिहूनच ठेवला नव्हता! उबदार खोलीतून थंड मैदानात नेलेल्या चेंडूचा दाब आपोआप उतरतो, हे तर पदार्थविज्ञानाचे साधे तत्त्व. चौकशी अहवालाने चेंडू सांभाळणाऱ्या नोकरांनी हवा काढली असण्याचा संभव अधिक मानला, आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांना त्याची साधारण कल्पना असावी असे म्हटले. ब्रेडी यांना चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड आणि निवडीचे दोन हक्क रद्द, अशी शिक्षा झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये एका न्यायाधीशाने बंदी रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. चेंडूत हवा किती होती, या प्रश्नासाठी देशाची न्यायालये राबली. कागदावर सामन्यापूर्वी बारा-चोवीस आकडे टिपले असते, तर यांतले बरेचसे टळले असते. पुढील हंगामापासून ते टिपण्याची व्यवस्था करण्यात आली.

या साऱ्या घटना एकत्र पाहिल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी एकाही धंदेवाईक सामन्याचा निकाल नंतर बदलला गेला नाही. दंड झाला, पदे गेली, हक्क गेले. पण जो संघ त्या दिवशी हरला तो हरलेलाच राहिला. खेळाडूने नियम मोडला तर त्याची किंमत त्याच खेळात वसूल होते. सीमारेषेवरचा माणूस नियम मोडतो तेव्हा ती किंमत खेळ संपल्यावर, दुसऱ्याच एखाद्या खात्यात जमा होते. म्हणून त्याचा अपराध आकाराने लहान दिसला तरी परिणामाने मोठा असतो.

आपल्या महाभारतात भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाचा प्रसंग आहे. कमरेखाली प्रहार करावयाचा नाही हा त्या युद्धाचा नियम. परंतु कडेला उभ्या असलेल्या अर्जुनाने, कृष्णाचे बोलणे ऐकून, आपल्या मांडीवर थाप मारली. भीमाने ती खूण ओळखली. बलराम संतापला तो भीमावर; पण मरणोन्मुख दुर्योधनाने दोष दिला तो खूण सुचविणाऱ्या कृष्णाला. गदा कोणाच्या हातात होती आणि खूण कोणाकडून आली, हे दोन्ही प्रश्न व्यासांनी उघडे ठेवले, आणि वाचकाला आजवर अस्वस्थ केले. अमेरिकेतील लक्षावधी प्रेक्षकांची अस्वस्थता याच जातीची आहे. आपला संघ जिंकला असेल तर ती थोडी कमी होते, एवढेच.

शिक्षेपेक्षा व्यवस्थेने अधिक साधते, असेही या इतिहासातून दिसते. २००८ मध्ये बचाव करणाऱ्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणातही रेडिओ बसविण्याची मुभा मिळाली, आणि हातांच्या खुणा चोरण्याचे महत्त्व बरेच घटले. तथापि आजही सामना पाहताना एक दृश्य हमखास दिसते. प्रशिक्षक रेडिओवर योजना सांगताना हातातील मोठा कागद तोंडासमोर धरतो. पलीकडून कोणी दुर्बिणीने आपले ओठ वाचील ही त्याला भीती असते. एकदा विश्वास गेला की केवढी सावधगिरी बाळगावी लागते, ते हा कागद सांगतो. मैदानावरची रेघ चुन्याने पुन्हा आखता येते. माणसांच्या मनातील रेघ पुसली गेली तर ती आखावयास चुना पुरत नाही. त्यासाठी रेघेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपला पाय स्वतःच मागे घ्यावा लागतो.