पाय धुणारा गुरू



पाद्री झालेल्या मित्राने चार शब्द बोलावेत, असा संयोजकांचा आग्रह. उपदेश करणे हे माझे कामच. म्हणून आज उपदेश कुठे थांबवावा, याविषयीच बोलतो.

आपल्याकडे शिष्य गुरूचे पाय धुतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात मात्र येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. नांदेडकरांना हे फोडून सांगायला नको. गुरुद्वाऱ्यात भाविकांचे जोडे सांभाळणारे सेवेकरी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादेतली गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. आम्ही काही तरुण चादरी घेऊन तिकडे गेलो. एका आजीने चादरीला हातच लावला नाही. म्हणाली, "बाबा, हे घेतलं तर आमाला काय करावं लागंल?"

"काहीच नाही, आजी," मी म्हणालो. तिने शेजारणीकडे पाहिले आणि मग चादर घेतली.

तो प्रश्न माझ्यासोबत राहिला. जिचे घरदार गेले, तिला 'नको' म्हणणे परवडत नाही. अशा माणसापुढे केलेला उपदेश उपदेश राहत नाही, ती अट होते. तेव्हापासून देताना मी धर्माविषयी बोलत नाही. पुढे कोणी आपणहून विचारले, तर मोकळेपणाने सांगतो.

मग प्रचारकाने गप्पच बसावे का? नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त सांगितला तो कीर्तन-अभंगांतून, ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या चालीवर. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. श्रद्धा ठाम होती. दारावर अट नव्हती.

आपल्या वर्गातले कोणी आज डॉक्टर आहे, कोणी शिक्षक, कोणी सरपंच. आपल्यापुढे रोज कोणीतरी हात पसरून उभे असते. त्याला आपल्याला 'नको' म्हणता येते का, एवढे पाहिले तरी नम्रता पुष्कळ साधेल.