तयारी पाहून नेतृत्व
(पंचायत पदाधिकारी, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



‘कामाचा माणूस’ हा शब्दप्रयोग कार्यालयांतून सर्रास ऐकू येतो. तो जितका सोयीचा, तितकाच फसवा आहे. कारण एकच माणूस एका कामात वाकबगार आणि दुसऱ्या कामात अगदी नवखा असू शकतो. पॉल हर्सी व केनेथ ब्लँचर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली मांडलेल्या विचाराचे मर्म येथेच आहे. नेतृत्वाची एकच उत्तम पद्धत नसते. समोरच्याची त्या विशिष्ट कामापुरती तयारी किती, यावर ती ठरते. तयारी म्हणजे कामाचे ज्ञान आणि ते करण्याची इच्छा व आत्मविश्वास. तयारी नसेल तेव्हा स्पष्ट सांगावे. उमेद दिसू लागली की कारणे पटवून द्यावीत. काम येऊ लागले की विचारविनिमयाने चालावे. आणि पुरती तयारी झाली की काम सोपवून मोकळे व्हावे, असा हा क्रम आहे.

हा विचार पंचायतीच्या दारात आणून पाहावा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. दप्तर कधीही न उघडलेल्या अनेक जणी त्यामुळे थेट सरपंचपदावर आल्या. समजा, अशा एका सरपंचबाईंनी बचतगट वर्षानुवर्षे चालवला आहे. कोणत्या वस्तीत पाण्याची ओढाताण आहे, हे त्या सचिवापेक्षा अधिक जाणतात. तेथे सचिवाने ऐकावे. रोकडवही किंवा कर आकारणीची नोंदवही मात्र त्यांनी पाहिलेली नाही. तेथे ‘आपण चर्चा करून ठरवू’ हे सौजन्य निरुपयोगी होय. शेजारी बसून एकेक रकाना समजावून सांगावा लागतो. सचिव हा सरपंचांचा वरिष्ठ नव्हे, परंतु शिकविण्यापुरते नेतृत्व त्याच्याकडे येते.

खरी अडचण पुढे आहे. ‘ताई, तुम्ही फक्त सही करा,’ हे वाक्य पहिल्या महिन्यात कदाचित मदतीपोटी उच्चारले जाते. तिसऱ्या वर्षीही तेच ऐकू आले, तर तो कारभार बळकावण्याचाच प्रकार ठरतो. ग्रामनिधीच्या खर्चावर सरपंच व सचिव दोघांच्या सह्या लागतात. आता पुष्कळ देयके डिजिटल स्वाक्षरीने निघतात आणि ते छोटेसे उपकरण कुणाच्या खिशात असते, यावरून त्या गावचे नेतृत्व कोणत्या पायरीवर अडले आहे ते कळते. कधी ते सचिवाकडे असते, कधी घरातील पुरुषाकडे. दोघेही ‘त्यांना जमत नाही’ असेच सांगतात. शिकविलेच नाही, तर जमणार कसे?

या सिद्धान्तालाही मर्यादा आहेत. रॉबर्ट वेकिओ यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या शिक्षकांवर तो तपासून पाहिला, तेव्हा नवख्या शिक्षकांच्या बाबतीत तो बराचसा टिकला. अनुभवी शिक्षकांच्या बाबतीत तसा भक्कम आधार मिळाला नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षकाला ‘तुमचे तुम्ही पाहा’ म्हणून वर्गावर पाठविण्यापूर्वी दोनदा विचार करावा. वीस वर्षे शिकविणाऱ्यांसाठी तयार कोष्टक मात्र शोधू नये.

शिवाय तयारी एकदा आली की कायमची राहते, असेही नाही. संगणकावरील नवी प्रणाली आली की जुना, मुरलेला कर्मचारीही पुन्हा पहिल्या पायरीवर येतो आणि वयामुळे ते कबूल करण्यास संकोचतो. त्याला नुसते परिपत्रक पाठवून भागत नाही.

वरिष्ठांच्या तपासणीतही हे दिसते. विस्तार अधिकारी येतो, सरपंचबाई समोर बसलेल्या असतात आणि तो प्रश्न सचिवाला विचारतो. तोच प्रश्न त्याने सरपंचांना विचारला, उत्तरासाठी दोन मिनिटे थांबला आणि चुकले तेथे वही त्यांच्यापुढे सरकवली, तर पुढच्या तपासणीपूर्वी ती वही त्या स्वतः मागवून घेतील.